यिंग यीचं अळणी सूप

स्कारबरोच्या फिंच रस्त्यावर कुणाला खोकला झालाय, कुणाची झोप उडालीय आणि कुणाचं लग्न मोडलंय हे जाणून घ्यायचं तर यिंग यीला गाठावं. तिचं पूर्ण नाव मोक क्वाय-यिंग, पण केस पिकल्यापासून ती सगळ्यांची यिंग यी, म्हणजे यिंग मावशी. बांधा ठेंगणा, आवाज मात्र रस्ता ओलांडून पलीकडे जाणारा. सगळी उमेदीची वर्षं तिनं एका चिनी खानावळीच्या मागच्या खोलीत कोळंबीचे मोदक वळण्यात घालवली होती. त्या मोदकांना कळ्या पाडताना तिची बोटं आणि तोंड एकाच वेगानं चालत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, बोटं थांबली, तोंड तेवढं चालू राहिलं.

तोंडाबरोबर आणखी एक गोष्ट चालू राहिली, ती म्हणजे सूप. यिंग यीच्या शेगडीवर सूपाचं मडकं नाही असा दिवस गावानं पाहिला नव्हता. हवा बदलली की एक सूप, परीक्षा आली की दुसरं, नोकरी गेली की तिसरं. तीन-तीन तास मंद आचेवर ते रटरटत असायचं, आणि जिन्यात पाऊल टाकताच हाडांचा आणि लाल खजुरांचा वास यायचा. कँटनी घरात आईच्या सूपाला कुणी छान म्हणत नाही आणि वाईट तर नाहीच नाही. वाडगा समोर आला की उचलायचा, संपवायचा, सुस्कारा टाकायचा. छान म्हणणारा पाहुणा ठरतो आणि वाईट म्हणणारा अजून कुणी जन्माला यायचा होता.

तिचा नवरा लाउ हाउ-चेउंग याला एका कानानं ऐकू येत नसे. कोणत्या कानानं, ते प्रसंग पाहून ठरे. बायको सूपाचे गुण सांगायला लागली की दोन्ही कान जात. आणि एकुलता एक मुलगा वाय-लुन. बेकरीत कामाला, अंड्याच्या कस्टर्डच्या वाट्या करण्यात पटाईत. त्याच्या हातच्या वाट्यांसाठी लोक पार पलीकडच्या मार्खम गावाहून येत, हे यिंग यी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगायचीच.

जे ती सांगत नसे ते पाच वर्षांपूर्वीचं होतं. त्या वसंतात वाय-लुनची झोप उडाली आणि पोरगं एकदम हुशारीनं पेटल्यासारखं झालं. बोलायला लागला की वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू. पहाटे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घंटा वाजवून त्यानं गरम गरम वाट्या वाटल्या. लोकांना मौज वाटली, यिंग यीलाही वाटली. मग एके दिवशी तो बापाची गाडी घेऊन गेला आणि पोलिसांना सापडला तो थेट सरोवरात, कमरेइतक्या गार पाण्यात उभा राहून पाणपक्ष्यांपुढे भाषण करताना. त्यानंतरचा उन्हाळा त्यानं भिंतीकडे तोंड करून काढला. आंघोळ नाही, शब्द नाही. यिंग यी रोज वाडगा घेऊन उशाशी बसायची आणि चमच्या-चमच्यानं भरवायची. खानावळीतलं काम तिनं तेव्हाच सोडलं. गुडघ्यांचं कारण लोकांसाठी होतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव बायपोलर सांगितलं आणि लिथियमच्या गोळ्या दिल्या. यिंग यीनं नाव ऐकून घेतलं आणि घरी येताना वाटेतच बदललं. घरात त्याला ‘नसांचा अशक्तपणा’ म्हणायचं ठरलं. गोळ्यांना ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणायचं ठरलं. पण नाव काहीही द्या, गोळ्यांनी काम केलं. वाय-लुन उठला, दाढी केली, बेकरीत परत गेला.

आता तिच्या शनिवारच्या बैठकीबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथं ती महाराणी होती. चिनी समाजकेंद्राच्या वरच्या मजल्यावर, अशी माणसं घरात असलेल्या आयाबायांची, बापांची, बहिणींची बैठक भरते. मिस तोंग नावाची समाजसेविका ती चालवते, म्हणजे यिंग यी यायच्या आधी चालवत असे. पहिल्या दिवशी यिंग यी काळा चष्मा आणि तोंडावर मास्क लावून आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. तिसऱ्या शनिवारी मास्क गेला. सहाव्या शनिवारी ती सूपाचा मोठा थर्मास घेऊन आली आणि कोण कुठं बसणार हे ठरवायला लागली. नवी आई रडत आली की यिंग यी तिच्या हातात वाडगा द्यायची आणि म्हणायची, “लपवू नकोस गं बाई. लपवलं की माणूस एकटं पडतं. आणि मनानं काही करू नकोस, आधी औषधवाल्याला विचार.” मिस तोंगलाही एवढं सोपं सांगता येत नसे. फक्त ही शहाणी बैठक सुटल्यावर जिना उतरायची आणि रस्त्यावर ओळखीचं कुणी भेटलं की म्हणायची, योगासनांच्या वर्गाला गेले होते.

तर असं सगळं बरं चाललं असताना वाय-लुनचं लग्न ठरलं.

मुलगी पुई-सान. शहराची बस चालवायची, फिंच रस्त्यावरचीच. वाय-लुन पहाटेच्या पहिल्या बसला चढायचा, काम सुटल्यावर बेकरीतला पाव घेऊन परतीच्या बसला उभा राहायचा, असं करत करत जमलं. तैशानच्या खेड्यातून लहानपणी आलेली, खांद्यानं भरलेली, आणि बोलणं असं की पुढचा थांबा सांगतेय असं वाटावं. यिंग यीला ती पहिल्या भेटीतच आवडली, आणि आवडली म्हणूनच तिला धडकी भरली. आमच्यात मुलीकडचे लोक चहाचे पेले उचलायच्या आधी तीन पिढ्यांची चौकशी करतात. कुणाला काय झालं होतं, कोण कशानं गेलं. ‘मुळात कीड आहे’ एवढं कुणी म्हणालं की संपलं. म्हणून यिंग यीनं घरात हुकूम काढला. नव्या वर्षानंतर लग्न आहे. सुनेनं गुडघे टेकून सासूसासऱ्यांना चहा दिला की मग बघू काय सांगायचं ते. तोवर नसांबद्दल चकार शब्द नाही, आणि तोवर वाय-लुन ठणठणीत राहिला पाहिजे. हाउ-चेउंगनं मान हलवली. वाय-लुन आईकडे जरा वेळ बघत राहिला आणि बरं म्हणाला.

त्या शरदात बैठकीत मिसेस क्वोक नावाची नवी बाई आली. तिनं सांगितलं की ग्वांगचौला तिच्या दिराची मूत्रपिंडं खराब झाली, वर्षानुवर्षं हेच लिथियम घेऊन. मिस तोंग म्हणाली, म्हणूनच तर रक्ततपासणी असते, ती चुकवू नका, आणि घाबरून कुणी औषधात, खाण्यापिण्यात स्वतःहून बदल करू नका. “ऐकलंत ना सगळ्यांनी,” यिंग यी मोठ्यानं म्हणाली आणि सगळ्यांकडे दटावून पाहिलं.

घरी जाताना तिच्या डोक्यात फक्त मूत्रपिंडं होती. मूत्रपिंडांचा वैरी कोण? मीठ. हे काय कुणाला विचारायचं असतं? आपल्याकडे माणूस आजारी पडला की त्याला साधं, अळणी द्यायचं, हे तिच्या आईनं केलं, आजीनं केलं. औषधाला तिनं हातही लावला नाही. तो गुन्हा ती कधी करणार नव्हती. तिनं नुसतं मीठ बंद केलं. सूपात नाही, पेजेत नाही, वाफवलेल्या माशावर सोया सॉस नाही. वाय-लुन बेकरीत जेवायचा तो डबाही तिचाच. कुणाला सांगितलं नाही, कारण सूपात काय घातलं याची वर्दी घरातल्यांना कुठली आई देते?

पहिल्या दिवशी हाउ-चेउंगनं वाडगा तोंडाला लावला आणि त्याचे डोळे बारीक झाले. बोलला काही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सूप घेऊन खिडकीशी जायचा, पक्षी बघायला. खिशात बाहेरच्या जेवणाबरोबर फुकट येणाऱ्या सोया सॉसच्या पुड्या असायच्या. पाठ वळवली की पुडी फुटायची. यिंग यीला वाटलं, म्हातारपणी नवऱ्याला निसर्गाची ओढ लागली.

वाय-लुननं वाडगा संपवला आणि सुस्कारा टाकला. रोज टाकला.

काही आठवडे गेले आणि त्याचे हात कापायला लागले. आधी थोडे, मग वाटीची कडा वाकडी यायला लागली. मालकानं विचारलं, बाबा रे, रात्री जागतोस का? मग मळमळ सुरू झाली, पोट बिघडलं, पायऱ्या उतरताना तो कठडा धरायला लागला. आलं परत, यिंग यीला वाटलं, लग्न तोंडावर आलं असताना आलं. पोरगं अशक्त झालंय, आणखी हलकं द्यायला हवं. तिनं मासा बंद केला, सूप आणखी पातळ केलं, त्याला नुसत्या पेजेवर आणलं. पुई-सानला फोनवर सांगितलं, सर्दी आहे गं, हवा बदललीय. आणि शनिवारी बैठकीत सगळ्यांना सूप वाढताना कुणी विचारलं, तुमचा मुलगा कसा आहे, तर म्हणाली, झकास.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी पुई-सान जेवायला आली. येताना संत्री आणली, बूट काढले, हाउ-चेउंगला हाक मारली, सगळं रीतसर. वाय-लुन आतून आला तो चौकटीला धडकून. बसताना खुर्ची चुकता चुकता राहिली. काहीतरी बोलला, ते जीभ जड झाल्यासारखं बोबडं आलं, दारू प्यायल्यागत. यिंग यी घाईघाईनं हसली, म्हणाली, सर्दीचं औषध, झोप येते त्यानं, आणि सगळ्यांपुढे वाडगे ठेवले. वाय-लुननं वाडगा उचलला. हात इतका कापत होता की सूप मनगटावरून बाहीत गेलं.

पुई-सान त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिनं आपला वाडगा उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

“यिंग यी, ह्यात मीठ नाही.”

हाउ-चेउंगचा बरा कान लाल झाला. यिंग यीला तर आधी कळेचना की हे वाक्य आपल्याच घरात, आपल्याच टेबलाशी कुणी बोललं. अजून चहा दिलेला नाही, आणि होणारी सून सूपाला नावं ठेवते.

“सूप चवीसाठी नसतं, पोरी, गुणासाठी असतं,” ती शक्य तेवढ्या गोडीनं म्हणाली.

“आजच नाही, का रोजच नाही?”

“आमच्याकडे हल्ली अळणीच करते मी. तब्येतीला बरं असतं.”

“किती दिवस झाले?”

“हे काय, सूपाची उलटतपासणी?”

पुई-सान उठून उभी राहिली होती. “काकांची गाडी कुठंय? चावी द्या. लिथियम घेणाऱ्याचं मीठ असं तोडायचं नसतं, औषध अंगात साचतं. चल लुन, माझ्या खांद्यावर हात टाक.”

ज्या शब्दाला त्या घरात पाच वर्षं दार उघडलं नव्हतं तो असा जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. यिंग यीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं खिशातून गाडीची चावी काढली, आणि चावीबरोबर सोया सॉसच्या तीन पुड्या टेबलावर पडल्या.

पुई-साननं गाडी बससारखीच चालवली, सरळ आणि कुणाला न जुमानता. दवाखान्यात रक्त घेतलं, आणि डॉक्टर म्हणाले, बरं झालं आज आणलंत. औषध रक्तात फार चढलंय. गोळी थांबवली, सलाइन लावलं. उतरेल म्हणाले, पण आणखी आठवडा घरी अळणी पेजेवर ठेवला असता तर काय झालं असतं ते मी तुम्हाला सांगत नाही. यिंग यीला चिनी बोलणाऱ्या नर्सनं सगळं समजावलं, मीठ नेहमीएवढं, ना कमी ना जास्त. यिंग यीनं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्यावर काही पुढे सांगायचं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर तिघं बसली. हाउ-चेउंग पुड्यांचा विचार करत होता. स्वतःपुरती पुडी फोडली, पोराला एक दिली नाही. तो उठून दूर खिडकीशी गेला, आणि या वेळी खरंच बाहेर बघत राहिला.

“तुला कधीपासून माहितीय?” यिंग यीनं विचारलं.

“दुसऱ्यांदा भेटलो तेव्हापासून. त्यानंच सांगितलं सगळं. सरोवर, पक्षी, भिंत, गोळ्या, मिठाचं पण.”

“तुझ्या घरी?”

“आईला सांगितलंय. ती म्हणाली, बस चालवणारीला नीट झोपणारा नवरा बघ, बाकी तुझं तू बघ.”

“मग मला का नाही बोललीस गं?”

“तुम्ही इतक्या मन लावून लपवत होता, यिंग यी. लुन म्हणाला, तिला लपवू दे, तिला बरं वाटतं.”

यिंग यीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ लाज आली, आणि लाज मोठी होती. नव्या आयांना वाडगा देऊन सांगितलेली सगळी वाक्यं तिला एकेक करून आठवली. पदर असता तर तिनं तोंडाला लावला असता. नव्हता, म्हणून नाक हातानंच पुसलं आणि म्हणाली, “अजून चहा झालेला नाही. तुला जायचं असलं तर जा. मी कुणापाशी तुला बोल लावणार नाही.”

“आता कशी जाऊ? बूट घाईत काकांचे घालून आलेय,” पुई-सान म्हणाली. खरंच होतं. दोघी त्या बुटांकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी वाय-लुनची जीभ मोकळी झाली. हात अजून थरथरत होते, पण डोळे जागेवर आले होते. यिंग यी उशाशी बसली. त्या उन्हाळ्यातही ती अशीच बसायची. तिनं विचारलं, “तुला मिठाचं माहीत होतं?”

“होतं.”

“सूपाची चव लागत होती?”

“लागत होती, मा. म्हणजे नव्हती.”

“मग बोलला का नाहीस रे मेल्या? जीव गेला असता.”

“वाटलं, थोडे दिवस करशील, सोडशील. नंतर डोकंच चालेना,” तो म्हणाला. “आणि त्या वर्षी मी तुझे किती हाल केले. तुझी नोकरी गेली माझ्यापायी. चार महिने तू मला चमच्यानं भरवलंस. त्यानंतर कुठल्या तोंडानं म्हणू, तुझं सूप अळणी झालंय?”

पाच वर्षं आपण पोराला सांभाळतोय असं यिंग यीला वाटत होतं, आणि पोरगं पाच वर्षं प्रत्येक वाडग्यागणिक तिला सांभाळत होतं. एवढी माया केली की त्याला नको म्हणायला जागाच उरली नाही.

पण यिंग यी ती यिंग यीच. दुःख झालं की तिला शेगडीशी जावं लागतं. तिसऱ्या दिवशी ती थर्मास घेऊन हजर. डुकराच्या हाडांचं, कमळाच्या कंदांचं सूप, सकाळपासून शिजवलेलं. भीतीनं हात कसा सैल सुटला होता हे तिलाच कळलं नव्हतं. मिठाची चिमूट टाकली, पुरेल का वाटलं, आणखी टाकली, डॉक्टरांचा चेहरा आठवला, आणखी टाकली. पुई-सान कामावरून थेट गणवेशात आली होती, हाउ-चेउंगही होता. चौघांत वाडगे फिरले. हाउ-चेउंगनं घोट घेतला आणि सवयीनं सुस्कारा टाकला, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुई-सान पाण्याची बाटली शोधायला लागली.

वाय-लुननं एक घोट घेतला. वाडगा दोन्ही हातांनी धरून त्यानं आईकडे पाहिलं.

“मा, खारट झालंय. मला नको.”

वाडगा त्यानं तिच्या हातात परत दिला. यिंग यीनं चाखून पाहिलं. खारट कसलं, समुद्र बरा म्हणायची पाळी. तिला इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा कळेना. ती उठून व्हरांड्यात गेली आणि चिनी बोलणाऱ्या नर्सला गाठून म्हणाली, “माझा मुलगा म्हणतो, माझं सूप खारट आहे.” नर्स म्हणाली, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. “छे, छे,” यिंग यी म्हणाली, आणि तेच पुढच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही सांगून आली.

परत आली तेव्हा तिनं आयुष्यात कधी न विचारलेला प्रश्न विचारला. “उद्या काय आणू?”

वाय-लुननं पुई-सानकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

“उद्या काही नको, मा. नुसतीच ये.”

दुसऱ्या दिवशी यिंग यी बसमधून उतरली तेव्हा तिचे दोन्ही हात रिकामे होते, आणि ते कुठं ठेवावेत हे तिला दवाखान्याच्या दारापर्यंत कळलं नाही.